गुरुजी, अधिक की वजा?

आपापले वर्ग कुणाच्या तरी हवाली करून चाळीसगावापर्यंत आलेल्या शिक्षक भगिनी-बंधूंनो,

अध्यक्षीय भाषण लांबले की भोजन थंड होते, हे आपण सगळेच सोसत आलो आहोत. संयोजकांनी मला गणित शिक्षणाच्या भवितव्यावर बोलायला सुचवले होते. भवितव्य ज्यांना दिसते त्यांनी त्यावर बोलावे. मला तिसरी-चौथीच्या वर्गाबद्दल बोलायचे आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल: शाब्दिक उदाहरणे.

फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहून खडू खाली ठेवायच्या आत मागून आवाज येतो, "गुरुजी, अधिक की वजा?" शाळा वाडीवरची असो की शहरातली इंग्रजी माध्यमाची, प्रश्न तोच. तिथे तो "टीचर, प्लस की मायनस?" असा येतो, एवढाच फरक. पोराने उदाहरण अजून वाचलेलेही नसते. त्याला दोन आकडे दिसलेले असतात आणि मध्ये कोणते चिन्ह ठोकायचे तेवढे हवे असते. ही घाई मूल घरून घेऊन येत नाही. ती आपण लावतो.

आपल्या कितीतरी वर्गांच्या भिंतींवर तो तक्ता असतो: 'एकूण' आले की बेरीज, 'उरले' आले की वजाबाकी, 'प्रत्येकी' आले की गुणाकार, 'समान वाटले' आले की भागाकार. हे परवलीचे शब्द पाठ झाले की दुसरीपर्यंत गाडी झकास चालते, कारण उदाहरणेही तशाच साच्यातली असतात. शिवाय उदाहरणे येतात धड्याच्या शेवटी. धडा वजाबाकीचा, म्हणजे उदाहरणेही वजाबाकीची, हे न वाचताच कळते. मग तिसरीत कधीतरी असे काहीतरी समोर येते: मीनाने 12 बोरे वेचली. रेश्मापेक्षा तिची 4 बोरे जास्त भरली. तर रेश्माने किती वेचली? 'जास्त' दिसले, बेरीज केली, 16 लिहिले, वही मिटली.

आता त्याच मुलाला जवळ बोलवा आणि विचारा, "बोरं कुणाची जास्त?" तो क्षणात म्हणतो, "मीनाची!" मीनाची जास्त आहेत हे त्याला ठाऊक आहे आणि वहीत रेश्माची 16 आहेत. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी-शेजारी बसल्या आहेत, एकमेकींशी बोलत मात्र नाहीत. माझ्या मते प्राथमिक गणिताचे सगळे दुखणे इथे आहे. पाढे कच्चे असणे, हातचा विसरणे ही किरकोळ दुखणी, ती सरावाने बरी होतात. हे होत नाही.

आपलीच मुले अशी आहेत असे समजून कुणी मान खाली घालू नये. 1980 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या गणित शिक्षणाच्या संशोधकांनी सात-आठ-नऊ वर्षांच्या मुलांना विचारले: जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? 97 मुलांपैकी 76 जणांनी आकड्यांची काहीतरी खटपट करून वय काढून दिले. 36 हे कप्तानाच्या वयाला शोभूनही दिसते! अमेरिकेत 1983 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना प्रश्न होता: 1128 सैनिकांना न्यायचे आहे, एका बसमध्ये 36 मावतात, तर बस किती लागतील? सुमारे 70 टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण 32 बस हे उत्तर दिले फक्त 23 टक्क्यांनी. 29 टक्के मुलांनी लिहिले, '31, बाकी 12'. बाकी 12 म्हणजे बारा माणसे स्टँडवर उभी राहिली, हे आपल्या एसटीने प्रवास करणाऱ्या कुणालाही सांगावे लागणार नाही. भागाकार येत होता, पण भागाकार कशासाठी चालला आहे ते विसरले होते.

याच्या अगदी उलट चित्र ब्राझीलच्या रेसिफे शहरातले. तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावर नारळ, लिंबे विकणारी शाळकरी मुले त्यांनी पाहिली. एकाला विचारले, नारळ 35 ला एक, तर दहाचे किती? तो म्हणाला, तीनचे 105, आणखी तीनचे मिळून 210, मग 315, आणि शेवटी 350. पुढे शून्य द्यायची युक्ती त्याच्या गावीही नव्हती, पण उत्तर चोख. बाजारात या मुलांचे 98 टक्के हिशेब बरोबर आले. पुढे त्याच प्रकारची गणिते त्यांना कागदावर घातली. गोष्टीच्या रूपात घातलेल्यांपैकी 74 टक्के जमली आणि नुसते आकडे मांडलेल्यांपैकी जेमतेम 37 टक्के.

या शेवटच्या दोन आकड्यांकडे नीट पाहा. आपण मानतो की नुसते आकडे सोपे आणि शाब्दिक उदाहरण अवघड. म्हणून आधी रीत घोटून घ्यायची आणि उदाहरणे शेवटी, वेळ उरला तर. त्या मुलांच्या बाबतीत गोष्टच आधाराची ठरली आणि आकडे एकटे पडल्यावर हात चालेनासे झाले. आपल्या आठवडी बाजारात आईशेजारी बसून मेथीच्या जुड्या विकणारी मुलगी यापेक्षा वेगळी नाही. पन्नासच्या नोटेतून सुटे परत देताना ती हातचा घेत नाही, चढत चढत मोजते. तीच मुलगी सोमवारी वर्गात '50 वजा 35' ला अडखळते. माझे म्हणणे एवढेच की उदाहरण धड्याच्या शेवटी ठेवू नका, सुरुवातीला आणा. भागाकाराचे चिन्ह फळ्यावर येण्याआधी वाटणीचे उदाहरण येऊ द्या. मुले खडे मांडून, रेघा ओढून ते सोडवतात. चिन्ह नंतर दिले की ते त्यांनी आधीच केलेल्या कामाला लागते.

आता युक्त्यांकडे वळू. जॉर्ज पोल्या या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाचे पुस्तक 1945 साली अमेरिकेत निघाले, त्यातल्या चार पायऱ्या प्रशिक्षणांतून सर्वांच्या कानांवरून गेल्या आहेत: समजून घ्या, बेत आखा, अमलात आणा, मागे वळून पाहा. पुस्तक उत्तमच आहे. पण या चार पायऱ्यांचा तक्ता करून आपण तो त्या जुन्या तक्त्याशेजारी चिकटवला. 'दिलेले, विचारलेले, क्रिया, उत्तर' असे चार रकाने वहीत आखून घेतले. मूल 'दिलेले' खाली दोन आकडे उतरवते, 'विचारलेले' खाली प्रश्न जसाच्या तसा लिहिते आणि 'क्रिया' या रकान्यापाशी येऊन पुन्हा विचारते, "गुरुजी, अधिक की वजा?" रकाने आखून समज येत नाही. बेत आखायचा तर बेत म्हणून काय काय असू शकते, हे मुलाने आधी पाहिलेले हवे.

ते कसे दिसते, याचे एक उदाहरण. चौथीच्या वर्गात मी विचारले होते: अंगणात कोंबड्या आणि शेळ्या मिळून 20 डोकी आहेत, पाय 56. तर शेळ्या किती? वर्गात अर्थातच 20 आणि 56 ची बेरीजही झाली, वजाबाकीही झाली. खिडकीजवळची एक मुलगी मात्र पाटीवर गोल काढत बसली होती. वीस गोल झाले. मग प्रत्येकाला दोन-दोन पाय काढले आणि ती थांबली. मोजून म्हणाली, "चाळीसच झाले." मी गप्प राहिलो, आणि गप्प राहणे हे शिक्षकाला फार अवघड काम आहे. थोड्या वेळाने ती उरलेले सोळा पाय एकेका गोलाला दोन-दोन असे वाटत गेली. आठ गोलांना चार पाय झाले. शेजारचा मुलगा इतका वेळ बघत होता. तो म्हणाला, "म्हणजे आधी सगळ्या कोंबड्याच धरायच्या!" पुढच्या गणिताला, आकडे मोठे असताना, त्या दोघांनी गोल काढले नाहीत.

सगळ्या कोंबड्याच धरायच्या, हे वाक्य नीट ऐका. उत्तर काहीतरी धरून चालायचे, मग फरक बघून दुरुस्त करायचे. भास्कराचार्यांनी याच जातीच्या रीतीला 'इष्टकर्म' म्हटले आहे. इथून जवळच पाटण आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ काढला, त्याचा 1207 सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि त्यात बाजारातल्या मालावर मठाला काय काय द्यायचे याच्या नोंदी आहेत. म्हणजे मराठीतली शाब्दिक उदाहरणेच म्हणा ना! भास्कराचार्यांचा गणितग्रंथ 'लीलावती' 1150 चा. तेव्हा ते 36 वर्षांचे होते, त्या फ्रेंच कप्तानाच्या वयाचे. भुंगे, हंस, तुटलेला मोत्यांचा हार, मोर आणि साप अशी कितीतरी उदाहरणे त्यांनी घातली. तिथेही रीत आधी आणि उदाहरण नंतर, हे खरे. तेवढ्यापुरता आचार्यांशी मतभेद नोंदवून मी पुढे जातो.

'लीलावती'तच विलोम रीत आहे, शेवटाकडून सुरुवातीकडे जायची. आजीने लाडू केले, निम्मे शेजारी दिले, उरलेल्यांतले 3 मुलांनी खाल्ले, डब्यात 5 राहिले. तर लाडू किती केले होते? परवलीच्या शब्दांवर चालणारे मूल इथे 'उरलेले', 'निम्मे', 'राहिले' यांत गुंतून पडते. गोष्ट उलटी चालवणारे मूल म्हणते: डब्यात पाच, खाल्लेले तीन परत ठेवले, आठ, हे निम्मे, म्हणून सोळा. तिसरीची मुले हे तोंडी करतात. खऱ्या डब्यात खडे टाकून केले तर दुसरीचीही करतात.

आणि मीना-रेश्माची बोरे? तिथे दोन पट्ट्या काढा. मीनाची लांब, रेश्माची आखूड, लांब पट्टीच्या पुढे आलेल्या तुकड्यावर 4 लिहा, अख्ख्या पट्टीवर 12. सिंगापूरने 1980 च्या दशकात प्राथमिक शाळांत हीच पट्ट्यांची रीत आणली आणि तिच्यावर आपला अभ्यासक्रम उभा केला. साहित्य म्हणून फक्त खडू लागतो. पट्टी काढताना कुणाची लांब हे ठरवावेच लागते, आणि तेवढ्यासाठी उदाहरण वाचावे लागते. हाच त्या पट्टीचा खरा उपयोग.

जुने मास्तर ताळा करून घेत. ताळा आता कुणी करत नाही, पण त्याची जागा रिकामी राहू नये. उत्तर उचलून गोष्टीत नेऊन ठेवा आणि गोष्ट पुन्हा वाचा. रेश्माची 16 आणि मीनाची 12, मग मीनाची जास्त कशी? मुलाला स्वतःलाच हसू येते. खोडरबर आपण द्यायची गरज नसते.

भाषेबद्दल थोडे, पण महत्त्वाचे. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे, सातपुड्यात पावरी बोलणारे, किंवा ऊसतोडीच्या मागे फिरत चार महिने शाळा हुकलेले मूल 'पैकी', 'अनुक्रमे', 'प्रत्येकी' अशा पुस्तकी शब्दांपाशी अडते आणि आपण त्याच्या नावापुढे 'गणित कच्चे' असे लिहून मोकळे होतो. उदाहरण आधी त्याला त्याच्या बोलीत सांगू द्या. वही बंद, आकडे झाकलेले, फक्त काय घडले ते सांग. ज्याला घडलेले सांगता आले, त्याचे अर्धे गणित झाले. ज्याला आले नाही, त्याला रीत शिकवून उपयोग नाही.

तुम्ही म्हणाल, अध्यक्षांचे काय जाते! दोन शिक्षकांत चार वर्ग, वर माहिती भरायची, ॲपवर फोटो टाकायचे, पालकांना शिष्यवृत्तीचा निकाल हवा आणि त्या परीक्षेत तर चारातला एक पर्याय रंगवायचा. तक्रार रास्त आहे आणि व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी ती ऐकून घ्यावी म्हणूनच मी ती इथे बोलून दाखवतो. पण मी जास्तीचे काम मागत नाही, कमी मागतो आहे. स्वाध्यायातली दहा उदाहरणे एका तासात उरकण्याऐवजी एकच घ्या. वीस मिनिटे द्या. दोन-तीन मुलांना आपापली रीत फळ्यावर मांडू द्या, त्यात एक चुकलेलीही असू द्या. उरलेली नऊ उदाहरणे सुटली तर काही बिघडत नाही. तशीही ती एकाच्याच नकला असतात.

पाठ्यपुस्तक मंडळाच्या अभ्यासगटांत काम करणारी काही मंडळी समोर बसली आहेत. त्यांना विनंती, की प्रत्येक प्रकरणात दुसऱ्याच क्रियेची दोन उदाहरणे मिसळा. एक असे घाला, ज्यात माहिती अपुरी आहे आणि 'हे काढता येत नाही' हेच बरोबर उत्तर आहे. घटक चाचणी काढणाऱ्या केंद्रप्रमुखांनाही हीच विनंती, आणि असे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्या.

आणि तुम्हा शिक्षकांना एवढेच सांगतो. सोमवारी शाळेत गेलात की भिंतीवरचा तो परवलीच्या शब्दांचा तक्ता उतरवा. कुणी "गुरुजी, अधिक की वजा?" असे विचारले, तर उत्तर देऊ नका. म्हणा, "आधी मला सांग, झालं काय?" आणि तो सांगेपर्यंत थांबा.