नुसती साथीदार?

(महिला दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



महिला दिनी रॉक बँडमधल्या ड्रमरविषयी बोलणार म्हटल्यावर संयोजकांनी मला दोनदा विचारले, "नक्की ना?" मी संगीतातली तज्ज्ञ नाही, नुसती श्रोता आहे. पण जॅनेट वाइसची गोष्ट तुम्हाला तुमच्या ऑफिसातली वाटेल.

जॅनेटचा जन्म १९६५ चा, हॉलिवूडचा. ड्रम्स हातात घेतले ते थेट बाविसाव्या वर्षी. एका बँडला दौऱ्यासाठी ड्रमर हवा होता आणि शिकायला मिळाले दोन आठवडे! पुढे ती पोर्टलंडला आली आणि १९९३ मध्ये सॅम कूम्सबरोबर 'क्वासी' हा दोघांचाच बँड सुरू झाला. १९९६ मध्ये ती 'स्लेटर-किनी'त गेली. कॉरिन टकर आणि कॅरी ब्राउनस्टीन या दोघी तिथे गिटार वाजवत आणि गात. बँडमध्ये बेस गिटार नव्हतीच. त्यामुळे खालचा सगळा भार ड्रम्सवर. १९९७ चा 'डिग मी आउट' ऐकलात तर हे लगेच कळेल. २००१ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने या बँडला अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक बँड म्हटले.

२००६ मध्ये बँड थांबला. जॅनेट थांबली नाही. स्टीफन माल्कमसच्या 'जिक्स'मध्ये वाजवले, मग 'वाइल्ड फ्लॅग'मध्ये. 'पोर्टलंडिया' या मालिकेसाठी चित्रीकरणाच्या जागा शोधण्याची नोकरीही केली. २०१५ मध्ये 'स्लेटर-किनी'चा पुनरागमनाचा अल्बम आला, तेव्हा ती पुन्हा हजर होती.

आणि जुलै २०१९ मध्ये, नवा अल्बम तोंडावर असताना, ती बाहेर पडली. नंतर एका मुलाखतीत तिने कारण सांगितले. तिने सहकाऱ्यांना विचारले होते, मी आता फक्त ड्रमर आहे का? निर्णयांत माझा बरोबरीचा वाटा नाही का? उत्तर तिला हवे ते मिळाले नाही. उरलेल्या दोघींनी, आपण तिला थांबायला सांगितले होते, असे म्हटले. कोण किती बरोबर, हा न्याय मी करणार नाही.

पण एक गोष्ट पाहा. इथे कोणी पुरुष आडवा आला नव्हता. तिघीही स्त्रिया, तिघीही समतेच्या विचारांच्या. तरीही 'निर्णय घेणाऱ्या' आणि 'साथ देणारी' अशी रेघ पडलीच.

ही रेघ मीही ओढली आहे. माझ्या प्रयोगशाळेतली एक सहकारी दोन वर्षे एक यंत्र सांभाळत होती. आमची सगळी मोजमापे तिची. पुढची दिशा ठरवायच्या बैठकीला मात्र मी तिला बोलावलेच नाही. तिने शांतपणे विचारले, "मी फक्त आकडे काढणारी का?" शोधनिबंधावर तिचे नाव होते, म्हणून मी निर्धास्त होते! नाव देणे वेगळे आणि विचारणे वेगळे, हे मला त्या दिवशी कळले.

जॅनेटचे पुढे काय झाले? ऑगस्ट २०१९ मध्ये मोटार अपघातात तिचा पाय आणि गळपट्टीचे हाड मोडले. ड्रमरला दोन्ही लागतात. ती बरी झाली, पुन्हा बसली आणि २०२३ मध्ये 'क्वासी'चा नवा अल्बम आला. दोघांचाच बँड. तिथे नुसते साथीदार कोणीच नाही.

उद्या कामावर गेलात की एवढेच पाहा: ज्याच्या ठेक्यावर आपले सगळे चालले आहे, त्याला आपण शेवटचे कधी काही विचारले?