उंदरांची वंशावळ

घरात उंदीर पडला की चूल विझवून रानात झोपडी घालावयाची, ही प्लेगच्या काळची रीत आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आहे. 1898 साली हुबळीत या साथीने हाहाकार उडविला. हाफकिन यांची लस तेथे हजारो लोकांना टोचण्यात आली. त्याच वर्षी, हिंदी महासागराच्या पलीकडे, मादागास्कर बेटाच्या तामाताव्ह बंदरातही प्लेग उतरला. तो आगबोटीने आला, हे उघड होते. पण ज्या काळ्या उंदरांत तो पसरला, तेही आगबोटीनेच आले होते काय?

उंदीर उतारूंच्या यादीत नाव नोंदवीत नाहीत. तेव्हा उत्तर त्यांच्या शरीरातच शोधावे लागले. जपानी शास्त्रज्ञ योसिदा यांनी रंगसूत्रे मोजली. आग्नेय आशियातील काळ्या उंदरांत ती 42, श्रीलंकेत 40 आणि दक्षिण भारतात 38 भरली. युरोप, आफ्रिका व अमेरिका येथील उंदरांतही 38च! जगभर पसरलेला हा प्रवासी मूळचा आपल्याच बाजूचा ठरतो. अभिमान बाळगावा अशी ही निर्यात नव्हे!

पुढे पेशींतील मायटोकाँड्रियाचे डीएनए वाचता येऊ लागले. ते पिलांना केवळ आईकडून मिळते आणि पिढ्यानुपिढ्यांत त्यातील एखादेच अक्षर बदलते. ज्यांच्यात तेच बदल दिसतात, ती सारी एकाच आजीची नातवंडे. मूळ देशात अशी घराणी पुष्कळ. बेटावर मात्र गलबतातून उतरलेल्या थोड्याशा माद्यांचाच वंश वाढतो. मादागास्करविषयी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नेमके हेच दिसले. तेथील उंदीर एकाच घराण्याचे, आणि त्यांचे सगेसोयरे अरबस्तान व भारत या बाजूचे. जुन्या वस्त्यांच्या उत्खननात तर त्यांची हाडेही मिळाली आहेत. म्हणजे आगबोटीच्या कित्येक शतके आधी, शिडांच्या काळातच, ते बेटावर नांदू लागले होते. आगबोटीने आणला तो फक्त जंतू. त्याचे यजमान तेथे आधीच घर करून बसले होते.

म्हणूनच प्लेग तेथून आजही हटलेला नाही. 2017 साली त्याचे दोन हजारांवर रुग्ण नोंदले गेले. बेटाच्या पठारी भागातील अनेक उंदीर आता या जंतूला दाद देत नाहीत. तो अंगात शिरला तरी जगतात. आपल्याकडेही प्लेग आयोगाला मुंबईच्या उंदरांत असाच चिवटपणा आढळला होता. प्लेगची फारशी झळ न लागलेल्या मद्रासचे उंदीर मात्र त्याच जंतूने पटापट मरत.