विडीची ओढ
(आपल्या 1996 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय सांगितला आहे, "तुमच्याबद्दल वर्गाला माहीत नसलेलं काहीतरी". माझ्या आधी म्युच्युअल फंड झाले, लडाखची सायकलस्वारी झाली. मी विडीवर बोलणार आहे. मागच्या बाकावरून हसू आलं, ते ओळखीचं आहे. शाळेत तुमच्यापैकी दोघातिघांना स्टेशनच्या पुलाखाली सरांनी पकडलं होतं, ते मी विसरलेले नाही. पण मी ओढण्याबद्दल बोलणार नाही, वळण्याबद्दल बोलणार आहे.

माझी आजी सोलापूरची. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू आणि मराठी अशी खिचडी, त्यामुळे आजीला अव्वा म्हणायचं. सोलापूरच्या पूर्व भागात पुरुष मागावर आणि बायका विडीवर, असा घरोघरचा हिशोब. अव्वा वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासून विड्या वळत होती. वडील नोकरीसाठी मुलुंडला आले, त्यामुळे मी तुमच्या वर्गात आले. सुट्टीत मात्र सोलापूरला. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. दिवसाला हजार विड्यांचं गणित.

आता "ओढ" म्हणजे काय ते सांगते. विडी असो, सिगरेट असो की चिरूट, तोंडाने हवा ओढली की ती आतल्या तंबाखूच्या फटींतून वाट काढत येते. वाट मोकळी असेल तर ओढ हलकी, चोंदलेली असेल तर जड. फार मोकळी असेल तर विडी भरभर जळते आणि धूर गरम लागतो. फार घट्ट असेल तर गाल आत जाईपर्यंत ओढावं लागतं आणि दोन झुरक्यांच्या मध्ये ती विझते. हे सगळं वळणाऱ्याच्या बोटांत ठरतं. ओढणारा फक्त भोगतो.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला वाळूतून पाणी कसं झिरपतं याचं एक समीकरण शिकवलं, कोझेनी-कारमन नावाचं. मी वहीच्या मागच्या पानावर त्यात तंबाखू घालून पाहिली. समजा विडीच्या आतल्या जागेत 40 टक्के तंबाखू आणि 60 टक्के पोकळी आहे. त्याच आकारात सव्वापट तंबाखू कोंबली, म्हणजे अर्धी तंबाखू आणि अर्धी पोकळी झाली. तर हवेला होणारा विरोध सव्वापट होत नाही, सुमारे 2.7 पट होतो. आणि तंबाखूचे कण निम्म्या जाडीचे झाले तर विरोध चौपट. एका विडीत तंबाखू असते साधारण 0.2 ग्रॅम. एवढ्याशा चिमटीत थोडी चूक झाली की एवढा फरक. अव्वाला समीकरण माहीत नव्हतं. पण निपाणीकडच्या तंबाखूत चुरा जास्त आला की ती सूप हलकेच पाखडायची आणि म्हणायची, "पीठ आलंय, आज गळा धरणार."

पानाचंही तसंच. रात्रभर भिजवून मऊ केलेलं पान पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचं, जाड शीर टाळून. पान कोरडं असेल तर वळताना बारीक चीर पडते. मग हवा तंबाखूतून न येता चिरेतून येते. ओढ हलकी लागते खरी, पण ती खोटी ओढ, कारण धूर येतच नाही. तंबाखू ओलसर असेल तर फुगून वाट बंद करते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मध्येच गाठ. दोन्ही टोकांना ठीक, मधोमध तंबाखूचा गोळा. वरून काही कळत नाही. अव्वा अंगठा आणि तर्जनीमध्ये विडी धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती फिरवायची आणि गाठ असलेली बाजूला टाकायची. शंका आली तर न पेटवता ओठाला लावून हवा ओढून पाहायची. आयुष्यात तिने एकही विडी पेटवली नाही.

खूप वर्षांनी कामानिमित्त परदेशात असताना एका सहकाऱ्याने सिगारबद्दल मोठ्या कौतुकाने सांगितलं की सिगार ओढणारे ती पेटवायच्या आधी असाच थंड झुरका घेऊन पाहतात. क्युबात आतली पानं घडी घालून भरण्याऐवजी एकेक पान नळीसारखं गुंडाळून शेजारी-शेजारी ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे हवेला लांबच्या लांब बोगदे मिळतात. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रं आली. वरचं शेवटचं पान चढवण्याआधी यंत्र हवा ओढून विरोध मोजतं आणि जड निघालेली पुन्हा बांधायला जाते. तो सांगत होता आणि मला सूप दिसत होतं. महागडी असो की स्वस्तातली, भौतिकशास्त्र एकच. फरक एवढाच की तिथे जड निघालेली वस्तू दुरुस्तीला जाते.

आमच्याकडे ती छाटात जायची. कंपनीच्या ब्रँचमध्ये तपासनीस बसायचा. मूठभर विड्या उचलायचा, दाबून पाहायचा आणि बाजूला टाकायचा. बाजूला टाकलेल्या विड्यांचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही तक्रार एका कंपनीची नव्हती. पानं खराब आली, कमी आली, तरी हजार भरून द्यायच्या. कमी पडली तर पानं पदरच्या पैशाने आणायची. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला आणि त्यात कच्चा माल देण्यावरून आणि नाकारलेल्या विड्यांवरून होणारे वाद सोडवण्याची तरतूदही होती. आमच्या गल्लीत सिगार कोणी पाहिलेली नव्हती, पण कायद्याच्या नावात ती आमच्या शेजारी बसलेली होती याची मला अजून गंमत वाटते. मी रोज दुसऱ्यांचा कोड तपासते आणि परत पाठवते. नाकारताना कारण लिहायचं, ही शिस्त मला कोणत्या कोर्सने दिली नाही.

आता अवघड भाग. छाटाच्या भीतीने अव्वा आपल्या संशयातल्या विड्या घरीच काढून ठेवायची. गाठीच्या, घट्ट, जड. त्या ताता ओढायचे, माझे आजोबा. फुकट म्हणून. तेंदूचं पान सिगरेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं, बाजूने हवा शिरत नाही, म्हणून विडी पेटती ठेवायला मुळातच जास्त वेळा आणि जास्त जोरात ओढावी लागते. त्यामुळे तंबाखू कमी असूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्त जातं. मुंबईत 1990 च्या दशकात मतदारयाद्यांवरून माणसं निवडून मोठा अभ्यास झाला, त्यातही विडी सिगरेटपेक्षा कमी घातक निघाली नाही. मग घट्ट विडी ओढणाऱ्याचं काय होत असेल? तातांचा खोकला मला त्यांच्या आवाजापेक्षा जास्त आठवतो. मी सातवीत असताना ते गेले. फुप्फुसाचा कॅन्सर. अव्वा त्यावर एकदाच बोलली, "मी चांगल्या विकल्या, वाईट घरात ठेवल्या."

पुढच्या वर्षी तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलुंडला आणलं. त्याच आठवड्यात बाईंनी निबंध दिला, "माझी आजी".

बाई, तुम्ही समोर बसला आहात. तुम्हाला तो निबंध आठवतो, हे तुम्ही मघाशी चहाच्या वेळी सांगितलंत, म्हणून आज हे बोलायचं धाडस झालं. त्यातली आजी कोकणातली होती. नऊवारी नेसायची, पहाटे जात्यावर दळायची, मला आंब्याच्या साठांचा डबा पाठवायची. तुम्ही दहापैकी नऊ गुण दिलेत आणि वर्गात वाचून दाखवलात. वर्गात कुणाची आजी विड्या वळत नव्हती, निदान कुणी तसं सांगितलं नव्हतं. मला वाटलं, लिहिलं तर बोटांना वास येईल.

घरी वडिलांनी कौतुकाने वही अव्वासमोर धरली. तिला मराठी वाचता येत नव्हतं आणि डोळ्याला पट्टी होती. म्हणाली, "तूच वाच." मी वाचला. सगळा. तिच्या हातात जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा होता. हात रिकामे राहत नसत म्हणून ती कागदाच्याच सुरळ्या वळायची. शेवटपर्यंत ऐकून तिने विचारलं, "बरी आहे म्हातारी. कोण आहे ही?"

मी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि वडीलही काही बोलले नाहीत.

2006 साली सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्यामागे आडम मास्तरांच्या संघटनेचा बरीच वर्षं चाललेला लढा होता. त्यातलं एक घर माझ्या आत्याला मिळालं. अव्वा शेवटची पाच वर्षं तिथेच राहिली. मी पगारातून पैसे पाठवायचे, ती ते आत्याकडे द्यायची आणि सकाळी सूप घेऊन ओट्यावर बसायची. नजर गेली होती तरी गाठ तिला बोटांनी कळायची. शेवटच्या भेटीत तिने मला एक विडी वळायला लावली. अंगठ्यातून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "छाट."

तिची कात्री मी आज आणली आहे. मुठीला चिंध्या गुंडाळलेल्या आहेत, त्या तिनेच गुंडाळलेल्या, तशाच ठेवल्यात. हातोहात फिरवा, पण धार अजून आहे, जपून. आणि बाई, त्या निबंधाचे नऊ गुण तेवढे परत घ्या. खरा निबंध लिहून आणलाय, चार पानांचा. शुद्धलेखन तपासून द्या, कारणांसकट.