माळ्यावरचा तिसरा मुलगा



वसंतातल्या ह्या प्रसन्न संध्याकाळी आम्ही एक काळोखी कादंबरी घेऊन आपल्यापुढे उभे आहोत, ह्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. रोबर्ट मूझिल ह्या ऑस्ट्रियन लेखकाची ही पहिली कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली. टोर्लेस नावाच्या विद्यार्थ्याच्या मनाचा गोंधळ हा तिचा विषय. मूझिल स्वतः वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षापासून लष्करी वसतिशाळांत राहिला होता. मोरेव्हियातल्या ज्या शाळेत तो होता, तिथेच काही वर्षे आधी कवी रिल्केही शिकत होता. तोही त्या दिवसांच्या आठवणी कडवटपणेच काढी.

कादंबरीतली शाळा साम्राज्याच्या पूर्वेकडच्या एका आडबाजूच्या गावी आहे. मोठ्या शहराची वाईट हवा मुलांना लागू नये, म्हणून ती इतक्या दूर! उत्तमोत्तम घराण्यांतली मुले तिथे येतात. त्यांच्यांत बाझिनी हा एका विधवेचा मुलगा. घरची बेताची स्थिती, पण ऐट मात्र श्रीमंतांची. कर्ज होते, ते फेडण्यासाठी तो सोबत्यांच्या कप्प्यातून पैसे चोरतो आणि पकडला जातो. रायटिंग आणि बाइनेबर्ग हे दोघे ही गोष्ट शिक्षकांना सांगत नाहीत. ते त्याला रात्री माळ्यावरच्या एका चोरखोलीत नेतात. खोलीच्या भिंतींना निशाणांचे तांबडे कापड लावलेले. तिथे जे चालते त्याचे वर्णन ह्या सभेत करण्याची आमची इच्छा नाही.

टोर्लेस हा तिसरा. तो प्रथम म्हणतो, चोराला शाळेच्या स्वाधीन करा. घरी पत्र लिहितो, तर आईवडिलांचे मोठे समंजस उत्तर येते : त्या मुलाला सुधारण्याची संधी द्यावी. किती शहाणपणाचे पत्र, आणि माळ्यावरच्या अंधाराची त्याला किती कमी खबर! मुलांना दूरच्या नामांकित शाळेत पाठविणाऱ्या आपल्यासारख्यांनी ह्या पत्रापाशी थोडे थांबावे. पुढे टोर्लेस माळ्यावर जातो. तो मारत नाही, थांबवतही नाही; पाहतो. सुटीत शाळा रिकामी झाल्यावर त्याचे स्वतःचे वागणेही निर्मळ राहत नाही.

ह्याच दिवसांत त्याला वजा एकच्या वर्गमुळाने पछाडलेले असते. जी संख्या असूच शकत नाही, तिच्या आधाराने हिशोब करता करता शेवटी खरे उत्तर कसे येते? तो गणिताच्या शिक्षकांकडे जातो. ते कांटच्या ग्रंथाकडे बोट दाखवितात आणि तूर्त विश्वास ठेव म्हणतात. खऱ्या प्रश्नाला असे टोलवणारे मास्तर आपणांलाही भेटले असतील.

आता बाइनेबर्गकडे वळू, कारण त्याचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. त्याचे वडील तरुणपणी इंग्रजांच्या चाकरीत हिंदुस्थानात होते आणि येताना मूर्तींबरोबर गूढ बौद्ध विचारांची ओढही घेऊन आले. मुलगा तेच बोलत असतो : विश्वात्मा, आत्मशुद्धी. दया ही त्याच्या मते ओलांडून जाण्याची दुर्बलता, आणि बाझिनीचा छळ ही साधना! संमोहनाचा प्रयोगही तो करतो. फसतो, तेव्हा पट्टा काढून मारतो. परक्यांच्या तोंडी आपली पारिभाषिक नावे ऐकली की आपली छाती फुगते. इथे मात्र आम्हांला मान खाली घालावीशी वाटली. दोष त्या विचारांचा नव्हे, हे खरे. परंतु करुणा गाळून उरलेले बौद्ध मत कशाच्या कामी येते, हे ह्या मुलाने दाखविले आहे. १९३० नंतरच्या दशकात मूझिलने आपल्या टिपणवहीत ह्या दोघांत हुकूमशहांचे बीज पाहिल्याची नोंद केली. १९३८ साली त्याला देश सोडावा लागला आणि १९४२ मध्ये जिनिव्हात तो वारला.

काही टीकाकार टोर्लेसकडे कलावंताच्या जडणघडणीची कथा म्हणून पाहतात. आम्हांला ते अपुरे वाटते. सगळा वर्ग बाझिनीवर तुटून पडणार असे दिसल्यावर टोर्लेस त्याला चिठ्ठी देतो : स्वतःच जाऊन कबूल कर. एवढे एकच कृत्य त्याच्या हातून घडते, आणि तेही फार उशिरा. चौकशी होते. रायटिंग आणि बाइनेबर्ग चतुराईने सुटतात. टोर्लेस शिक्षकांपुढे आपल्या मनातल्या गोंधळाविषयी असे काही बोलतो की त्यांना त्यातले फारसे उमगत नाही. ह्याला खाजगी शिक्षण बरे, असे ठरते. आई त्याला न्यायला येते. बाझिनीला शाळेतून काढून टाकतात, आणि शाळा पुन्हा नेहमीसारखी चालू होते.