कलनाची पूर्वतयारी

इंदूरच्या होळकर महाविद्यालयात (स्थापना १८९१) जाऊ इच्छिणारा विद्यार्थी सुट्टीत कलनाचे पुस्तक उघडतो, अडखळतो आणि गणितच सोडावे असे मनात आणतो. उणीव बहुधा बीजगणिताची असते.

दिल्लीच्या मास्तर रामचंद्रांनी महत्तम-लघुतमाचे प्रश्न केवळ बीजगणिताने सोडवून १८५० साली कलकत्त्यास ग्रंथ छापला. एक प्रश्न पाहू. २० हात दोरीने सर्वांत मोठा आयत घेरावयाचा आहे. एक बाजू क्ष, दुसरी १० वजा क्ष. क्षेत्रफळ होते २५ वजा (क्ष − ५) चा वर्ग. वर्ग ऋण होत नाही. म्हणून क्ष ५ असता क्षेत्रफळ सर्वाधिक. असे प्रश्न उत्तर न पाहता स्वतः सोडवावेत. मग कलनाचे दार परके वाटत नाही.