एका संख्येची कुळकथा



वि. वा. नारळीकर आणि जयंत नारळीकर या पितापुत्रांची जन्मभूमी असलेल्या या करवीर नगरीत गणितावर बोलण्यास फार प्रस्तावना नको. आज एकाच संख्येची आपणांस ओळख करून द्यावयाची आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. कोटीला कोटीने गुणले असता जी संख्या येते, तिच्या एकशेतेवीस पटींहूनही ही थोडी मोठी आहे.

देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिकविणारे द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना 'डेमलो' म्हटले. ज्या रेल्वे स्थानकावर ती कल्पना सुचली, त्याचेच हे नाव. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांच्या कामाविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

आता हिची कुळे पाहू. नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग आहे. म्हणून ही पूर्ण वर्गसंख्या. उलट वाचली तरी तीच, म्हणून विलोमपदी. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने हिला निःशेष भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. शेवटी हिचे मूळ अवयव: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. यावरून हिचे एकूण विभाजक पाच गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ४५.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. आपण दहांऐवजी डझनांच्या हिशेबाने संख्या लिहू लागलो, तर हिचे उलटसुलट साम्य नाहीसे होते, अंकांची बेरीजही बदलते, आणि हर्षदपणाचा निवाडा नव्याने करावा लागतो. वर्गपण आणि ४५ विभाजक मात्र जेथल्या तेथे राहतात. पहिले गुण अंगरख्याचे, दुसरे देहाचे. अंगरख्याची शोभा लटकी नव्हे. पण ती देहाची समजू नये.

दुसरा धडा अधिक मोलाचा. एका एकापासून नऊ एकांपर्यंत प्रत्येक वर्ग असाच चढतो-उतरतो. नऊ वेळा खरे ठरले, मग दहाव्यांदा का ठरू नये? करून पाहा. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मधल्या घरात दहा जमतात, हातचा पुढे जातो, आणि पायऱ्या मोडतात.

नऊ दाखले म्हणजे सिद्धता नव्हे. बाजारभावापासून राजकारणापर्यंत चार अनुभवांवर नियम बांधणाऱ्या आपणां सर्वांस ही गोष्ट गणिताइतक्या स्वच्छपणे दुसरे कोण सांगणार? घरी गेल्यावर कागद-पेन्सिल घ्या आणि हा हातचा स्वतः पुढे नेऊन पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.