घरचा टीव्ही आणि मुलांचा संगणक

(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



"संगणक घेण्याची आमची ऐपत नाही," असे अनेक पालक सांगतात. त्यांना मला एकच विचारावयाचे आहे. तुमच्या घरी टीव्ही आहे ना? असेल, तर संगणकाचा पडदा तुमच्या घरी आधीच आलेला आहे. आता एक लहान संगणक, की-बोर्ड, माऊस आणि एक केबल एवढ्यावर काम भागते.

ही कल्पना नवी नव्हे. 1982 साली इंग्लंडमध्ये निघालेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक लोक घरच्या टीव्हीलाच जोडीत असत. 2012 साली तेथीलच रास्पबेरी पाय फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने एटीएम कार्डाएवढा संगणक काढला. मुलांनी स्वतः प्रोग्राम लिहावयास शिकावे हा त्यामागील हेतू होता, आणि टीव्हीला जोडण्याची सोय त्यात पहिल्यापासून होती. असा संगणक घ्या किंवा कचेरीतून निघालेला जुना पण चालू स्थितीतला छोटा डेस्कटॉप घ्या, जोडण्याची रीत तीच.

प्रथम टीव्हीच्या मागे पाहा. 'एचडीएमआय' असे लिहिलेली चपटी खाच असेल तर उत्तम, कारण त्या एकाच केबलमधून चित्र व आवाज दोन्ही जातात. जुन्या संगणकाला पंधरा पिनांची निळी 'व्हीजीए' जोडणी असते. तिच्यातून फक्त चित्र जाते, आवाजासाठी निराळी वायर लागते. पिवळी, लाल व पांढरी अशी तीनच भोके असलेल्या जुन्या टीव्हीवर अक्षरे पुसट दिसतात, म्हणून अभ्यासासाठी तो घेऊ नये. केबल विकत घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या खाचांचा फोटो दुकानदारास दाखवावा.

जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवा. केबल लावून आधी टीव्ही चालू करा, रिमोटवरील 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटनाने योग्य एचडीएमआय निवडा आणि मग संगणक सुरू करा. हा क्रम सांगण्याचे कारण असे की, संगणक सुरू होताना 'तू किती मोठे चित्र दाखवू शकतोस?' अशी टीव्हीकडे जणू चौकशी करतो. टीव्ही बंद असेल तर काही संगणकांना उत्तर मिळत नाही आणि पडदा काळाच राहतो.

चित्राच्या कडा कापल्या गेल्या तर घाबरू नका. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड जात, म्हणून चित्र थोडे वाढवून दाखविण्याची पद्धत होती. ती काही नव्या संचांतही राहिली आहे. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडले की कडा दिसू लागतात. आवाज येत नसेल तर संगणकाच्या सेटिंगमध्ये आवाजासाठी एचडीएमआय निवडावे.

मोठा टीव्ही म्हणजे अधिक मजकूर, असे मात्र नाही. 1920 × 1080 ठिपक्यांचा पडदा 32 इंची असो वा 55 इंची, त्यावर ठिपके 20,73,600 एवढेच. लांबून वाचता येत नसेल तर संगणकातून अक्षरांचा आकार दीडपट करावा. मुलांना टीव्हीला चिकटून बसू देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. वायर जोडणे दहा मिनिटांचे काम आहे. पण टीव्ही घरातील सर्वांचा आहे, आणि त्याच्यावर अभ्यासाचा हक्क कोण मानणार? 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा मुले मोबाईलवर शिकली. ज्या घरी मोबाईल एकच, तेथे तो बहुधा मुलाच्या हाती गेला आणि मुलगी मागे राहिली. हॉलमधील टीव्हीला जोडलेला संगणक एकाच्या खिशात जात नाही. मूल काय पाहते, काय लिहिते, हे अम्मी-अब्बांना सहज दिसते आणि भाऊ-बहीण शेजारी बसून शिकू शकतात. त्यावर मराठी, उर्दू व इंग्रजी तिन्ही भाषांत टाइप करता येते.

यासाठी घरात वेळ ठरवावी लागेल. मगरिबनंतर इशापर्यंतचा वेळ अभ्यासाचा, असे एकदा ठरवा. त्या वेळात दादीची मालिका थांबेल, अब्बांच्या बातम्या थांबतील, भावाचा क्रिकेटचा सामनाही थांबेल. त्यातील निम्मा वेळ मुलीचा असेल, आणि तो तिला मागावा लागू नये. विद्यार्थिनींनो, केबल जोडण्याचे काम भावावर सोपवू नका, ते स्वतः शिका.

पालकहो, मनोरंजनासाठी आपण टीव्ही घेतला तेव्हा कर्जाचा हप्तासुद्धा भरला. आता त्याच टीव्हीला मुलांच्या कामास लावण्यासाठी थोडा खर्च आणि रोजचा एक तास द्या.